फिल्टरचा डबा : दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे एक टक्का हवा

मागे आवाज पोहोचतोय ना? शेवटच्या रांगेतली मंडळी पुढे आलात तरी चालेल. आज तीन वस्तू आणल्यात आणि त्या हातात घेऊन बघायच्या आहेत.

पहिली वस्तू ही. घ्या, फिरवा सगळीकडे. मोटारीच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड आहे. खालच्या कडेला पट्टी लावून बघा, मधोमध वाकलेला दिसेल. हा माझ्या स्वतःच्या गाडीतला आहे आणि तो वाकवलाही मीच. हातोडा न लावता, नुसता हवेच्या डब्याचं डिझाइन चुकवून. तो किस्सा येईलच पुढे.

दुसरी वस्तू, हा काळा प्लास्टिकचा डबा. गॅरेजवाले याला एअर फिल्टरचा डबा म्हणतात, मीही आज डबाच म्हणणार आहे. भंगारातून आणलाय, १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीचा. याला पुढे ही जी लांब नळी आहे तिला आपण सोंड म्हणू. आणि तिसरी वस्तू गवंडीकाम पाहिलेल्या कोणालाही माहीत असेल : लेव्हल पाईप. पारदर्शक नळी, पाच मीटर. आजच्या विषयातलं सगळ्यात महागडं मोजमाप आपण हिने करणार आहोत.

विषय असा, की गाडीला स्वतः डिझाइन केलेला हवेचा डबा बसवायचा असेल तर काय काय बघायचं. हा प्रश्न मला बोईसर-पालघरकडची दोन प्रकारची मुलं विचारतात. एक, कॉलेजच्या स्पर्धेसाठी गाडी बनवणारी. दुसरी, ज्यांनी नवीन गाडी घेतलीय आणि मोबाइलवर कुठेतरी पाहिलंय की कंपनीचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की गाडी पळते. दुसऱ्या प्रकारचे जास्त आहेत.

आधी इंजिन किती हवा खातं ते बघू. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ अकरा किलो. आपल्याकडच्या ३५ अंशांच्या दुपारी अकरा किलो हवेचं आकारमान होतं साडेनऊ हजार लिटर. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते, तशा साडेनऊ टाक्या हवा, एका लिटर पेट्रोलमागे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी लागते, पण चित्र तेच.

आता वेग. १.२ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. मिनिटाला ६००० फेरे घेतले तर ०.६ गुणिले ६०००, म्हणजे ३६०० लिटर मिनिटाला. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरा. सेकंदाला साधारण ५१ लिटर होतात. आंघोळीच्या अडीच बादल्या हवा दर सेकंदाला या एवढ्याशा सोंडेतून जाते. सोंडेचा आतला व्यास ५० मिलिमीटर असेल तर हवेचा वेग २६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वर. ६० मिलिमीटर असेल तर १८ मीटर. हे दोन आकडे लिहून ठेवा, लागतील.

हवा जोरात जाते तेव्हा वाटेत दाब हरवतो. कोपऱ्यावर, तोंडाशी, फिल्टरच्या कागदात, आणि सोंडेतून डब्यात एकदम मोकळी होते तिथे. जेवढा दाब हरवला तेवढी इंजिनाला मिळणारी हवा पातळ. मग प्रश्न असा, की किती हरवला हे कळणार कसं?

इथे लेव्हल पाईप येते. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला साधारण १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. बोईसर, तारापूर, चिंचणी, सगळं समुद्राकाठीच आहे, त्यामुळे आपल्याला हा आकडा तसाच्या तसा चालतो. दहा मीटर पाणी म्हणजे पूर्ण हवा, तर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे एक टक्का हवा. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या.

करायचं काय, तर नळीचा इंग्रजी यू आकार करून एका फळीवर बांधायची. प्रत्येक बाजू एक मीटर उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरायचं, दिसावं म्हणून त्यात चिमूटभर होळीचा रंग. एक टोक गाडीत मोकळं. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाईपला बारीक भोक पाडून जोडायचं, भोकाचे काठ आतून साफ केलेले. फळी शेजारच्या सीटवर उभी. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने फळीकडे बघायचं. चालवणाऱ्याने पाण्याकडे अजिबात बघायचं नाही, हे मी हसत सांगत असलो तरी गंमत नाही. मोकळा, वाहतूक नसलेला सरळ रस्ता, दुसरा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, आणि इंजिन वरच्या फेऱ्यांना पोचलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायचा.

एक धोका : भोक थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला पाडू नका. तिथे गाडी नुसती उभी राहून चालू असताना सहा-सात मीटर पाण्याएवढी ओढ असते. तुमचं रंगीत पाणी क्षणात इंजिनात जाईल.

माझ्या गाडीच्या मूळ डब्यावर हा फरक आला बावीस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन टक्के आणि थोडं वर. मग तेच भोक आधी सोंडेनंतर, फिल्टरच्या अलीकडे पाडून मोजलं. साधारण नऊ-दहा सेंटिमीटर एकट्या सोंडेत जात होते, नव्या कागदी फिल्टरमध्ये पाच, आणि उरलेले थ्रॉटलकडे जाणाऱ्या घडीच्या रबरी पाईपमध्ये. फिल्टर सगळ्यात कमी दोषी! लोक बदलतात मात्र आधी फिल्टर. कारण सोपं आहे, तो दुकानात सुटा मिळतो.

याचं गणितही जुळतं. ५० मिलिमीटरच्या सोंडेत २६ मीटरच्या वेगाला हवेच्या गतीचा दाब चार सेंटिमीटर पाण्याएवढा. कापलेल्या पाईपच्या तोंडाशी त्यातला निम्मा जातो, दोन वळणांना मिळून निम्मा, घर्षणात थोडा, आणि डब्यात शिरताना तो पूर्ण चारचा चार वाया. बेरीज नऊच्या आसपास. आता सोंड ६० मिलिमीटरची केली, तोंडाला गोल पसरट ओठ दिला. गतीचा दाब दोन सेंटिमीटरवर आला, तोंडाचं नुकसान जवळपास शून्य झालं, एकूण साडेतीन. सहा सेंटिमीटर वाचले. व्यासाचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणून व्यास दहाच टक्के वाढवला तरी नुकसान सुमारे एक तृतीयांशाने उतरतं.

छान. सहा सेंटिमीटर म्हणजे किती? ०.६ टक्के. ८० अश्वशक्तीच्या इंजिनात अर्धी अश्वशक्ती. तीही फक्त ६००० फेऱ्यांना आणि पाय पूर्ण दाबलेला असताना. बोईसर स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत जाताना ट्रकच्या मागे तुम्ही किती वेळा ६००० ला पोचता?

आणि पाय पूर्ण दाबलेला नसताना काय होतं? पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप स्वतःच हवा अडवत असते, मुद्दाम. डब्यात थोडा अडथळा कमी झाला तर झडप तेवढी कमी उघडी ठेवायची, संपलं. म्हणून ‘उघडा फिल्टर लावला की मायलेज वाढतं’ हा दावा फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत टिकत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेजवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची गोष्ट वेगळी. आपल्या वडिलांच्या पिढीचा सल्ला त्या गाड्यांवरून आलाय, त्यात त्यांची चूक नाही.

आता दुसरं पारडं. तापमान.

बॉनेटखाली उघडा शंकू लावला की तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. बाहेर ३५ असताना आत ५५ असणं काहीच विशेष नाही, सिग्नलला उभं राहिल्यावर त्याहून जास्त. हवेची घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या उलट चालते : ३०८ भागिले ३२८, म्हणजे ०.९४. सहा टक्के हवा गेली. अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढं सगळं नुकसान प्रत्यक्षात होत नाही, कारण थंड हवाही पुढे मॅनिफोल्डमध्ये तापतेच. निम्मं धरा. तीन टक्के. लेव्हल पाईपच्या भाषेत तीस सेंटिमीटर! माझ्या मूळ डब्याचं अख्खं नुकसान बावीस होतं. म्हणजे उघडा फिल्टर समजा शून्य अडथळ्याचा असला, जो नसतोच, तरी गरम हवेने तो तोट्यातच जातो. शिवाय गरम हवेने इंजिनात ठोके यायला लागले की इंजिनाचा संगणक ठिणगी मागे ढकलतो, ते नुकसान वेगळं.

मग लोकांना गाडी पळतेय असं का वाटतं? आवाजामुळे. मलाही वाटलं होतं.

तर आता तो रॉड. कुठपर्यंत पोचला? असू दे, फिरू दे.

काही वर्षांपूर्वी मी हे सगळं वर्गात शिकवत होतो आणि तरी स्वतः एक डबा बनवला. दोन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा, सुंदर वेल्डिंग, ७५ मिलिमीटरचा पाईप. थंड हवा हवी म्हणून तोंड नेलं पुढच्या बंपरमध्ये, फॉगलॅम्पच्या मागे. जमिनीपासून एक फूट उंच. कंपनीचं मूळ तोंड होतं रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, बॉनेटच्या उंचीला. मला ते तेव्हा वेड्यासारखं वाटायचं, एवढी वळणं घेऊन वर कशाला नेलंय म्हणून. जानेवारी ते जून गाडी मस्त चालली. जुलैच्या एका रात्री मनोरकडून बोईसरला येत होतो. पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा त्या रात्रीच पडत असावा. एका सखल वळणावर पाणी साचलं होतं, चाकाच्या मध्यापर्यंतही नव्हतं. मी हळू घातली. समोरून ट्रक आला, त्याची लाट बंपरवर आली, आणि इंजिन ठप्प.

इथवरची चूक डिझाइनची. पुढची माझी : मी पुन्हा चावी फिरवली.

गणित बघा. १.२ लिटर, चार सिलिंडर, प्रत्येकी ३०० घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशन ११ ला १ असेल तर पिस्टन वर पोचल्यावर शिल्लक जागा ३० घन सेंटिमीटर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला दहा मिलिलिटरचं झाकण असतं ना, तशी तीन झाकणं. सिलिंडरमध्ये याहून जास्त पाणी गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कोणीतरी वाकायचं, आणि बिचारा रॉड वाकतो. विम्याची साधी पॉलिसी असलं नुकसान बहुतेक वेळा देत नाही, त्याला इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. माझ्याकडे नव्हती. पाण्यात गाडी बंद पडली तर चावी फिरवायची नाही, ओढून न्यायची, स्पार्क प्लग काढून आधी पाणी बाहेर काढायचं.

त्यानंतर मी कंपनीच्या डब्याकडे जरा आदराने बघायला लागलो. या, बघा हा. तोंड वर. सोंड वरून येऊन डब्याच्या खालच्या भागात शिरते, आणि फिल्टर आडवा, वरच्या बाजूला. हवा खालून वर जाते. सोंडेत तिचा वेग १८ ते २६ मीटर, पण डब्याचा छेद २० गुणिले १५ सेंटिमीटर, तिथे वेग उतरून १.७ मीटरवर येतो. अर्ध्या मिलिमीटरचा पावसाचा थेंब स्थिर हवेत साधारण दोन मीटर वेगाने खाली पडतो. म्हणजे त्याहून मोठा थेंब या हवेबरोबर वर चढूच शकत नाही, तळाला पडतो. आणि तळाला ही रबरी चोच आहे, बदकाच्या चोचीसारखी. पाणी साठलं की उघडते, एरवी ओढीने बंद. एक फिरता भाग नाही, वीज नाही. माझ्या वेल्डिंगच्या डब्यात यातलं काहीच नव्हतं.

डबा एवढा मोठा का, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यात समजावायला सोपं जातं. तारपा ऐकलाय ना सगळ्यांनी? वारली पाड्यावर नाच चालतो तेव्हा मधे उभा राहून वाजवतात तो. त्यात वाळलेला भोपळा असतो, तोंडाने फुंकलेली हवा आधी त्या भोपळ्यात जाते आणि तिथून खालच्या नळ्यांत. फुंक धक्क्याधक्क्याने येते, भोपळा ती सावरतो. शेवटी ताडाच्या पानांचा पसरत जाणारा कर्णा. आपला डबा म्हणजे तो भोपळा, फक्त उलट्या दिशेने : इंजिन धक्क्याधक्क्याने ओढतं आणि सोंडेत मात्र हवा एकसारखी वाहायला हवी. आणि सोंडेच्या तोंडाला जो पसरट ओठ द्या म्हटलं तो आकार कर्ण्याचाच. वक्रतेची त्रिज्या व्यासाच्या पाचव्या हिश्श्याएवढी असली तरी पुरते.

डबा आणि सोंड मिळून एक स्वर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसाच. आठ लिटरचा डबा, ६० मिलिमीटर व्यासाची, ४० सेंटिमीटर लांबीची सोंड घेतली तर तो स्वर येतो सेकंदाला ५० कंपनांच्या आसपास. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा हवा ओढतं, म्हणजे १५०० फेऱ्यांना नेमका हा स्वर जागा होतो. तीन सिलिंडरचं असेल तर २००० ला. तिथे गाडी घुमते, केबिनमध्ये कानाला दडे बसल्यासारखं होतं. याच्या दीडपटीच्या वर गेलं की डबा धक्के गिळायला लागतो. डबा लहान केला, सोंड आखूड किंवा रुंद केली की हा स्वर वर सरकतो, आणि तुम्ही रोज ज्या फेऱ्यांना गाडी चालवता तिथे येऊन बसतो. त्यामुळे सोंड हवी तेवढी रुंद करता येत नाही. रुंद केलीत तर डबा मोठा करा किंवा सोंड लांब करा. बॉनेटखाली जागा असेल तर.

आता बनवायचा कसा. थोडक्यात सांगतो, कारण यातलं बरंचसं तुमच्यातल्या काही जणांना माझ्यापेक्षा जास्त येतं. आधी पुठ्ठा. पंख्याच्या नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून पूर्ण डबा बनवा आणि गाडीत बसवून बॉनेट बंद करून बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, झटका दिला की दोन सेंटिमीटर सहज. डबा बॉडीला धरायचा, इंजिनाला नाही, आणि मधे रबरी पाईप.

मटेरियल. अ‍ॅल्युमिनिअम दिसायला चांगलं, पण गरम होतं आणि उष्णता आत देतं. शिवाय आपल्याकडची हवा. समुद्राचं मीठ आहेच, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर सर्वांत वर होतं, हे इथे वेगळं सांगायला नको. उघड्या अ‍ॅल्युमिनिअमला दोन पावसाळ्यांत खड्डे पडतात. थ्री-डी प्रिंट करणाऱ्या मुलांना सांगतो, पीएलए वापरू नका. ते साठ अंशांना मऊ पडतं, उन्हात उभ्या गाडीत डब्याचा पापड होईल. एबीएस चालेल. पण माझं मत विचाराल तर फायबर. रासायनिक कारखान्यांच्या टाक्या, आम्लाच्या वाफा वाहून नेणाऱ्या डक्ट, ही कामं करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी आठ लिटरचा डबा म्हणजे दुपारच्या चहाच्या आधीचं काम.

फक्त दोन गोष्टी त्यांना सांगा, कारण टाकी बनवताना त्यांचा विचार करावा लागत नाही. साचा थर्माकोलचा असेल तर त्यावर पॉलिएस्टर रेझिन थेट लावू नका, रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल खाऊन टाकतं. हे मी मखराच्या उरलेल्या थर्माकोलवर करून पाहिलंय, सकाळी साच्याच्या जागी चिकट खळगा होता. वरून चिकटपट्टी गुंडाळा किंवा इपॉक्सी घ्या. दुसरी जास्त महत्त्वाची. फिल्टरनंतरच्या बाजूला काचेच्या तंतूचा एकही मोकळा धागा, एकही पॉप रिवेट, एकही नट नको. तिथून जे सुटेल ते सरळ इंजिनात जाणार. आतून जेलकोटचा गुळगुळीत थर द्या. जोड सगळे बाहेरून.

ब्रीदरची नळी विसरू नका. क्रँककेसमधली तेलकट वाफ मूळ डब्यात जिथे स्वच्छ बाजूला येते, तिथेच ती नव्या डब्यातही यायला हवी. लोक ती उघडी सोडतात आणि तिला छोटा फिल्टर लावतात. मग वाफ बाहेर जाते, वास येतो, प्रदूषण होतं. आणि गाडीला हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल, डिझेलमध्ये बहुधा असतोच, तर तो ज्या पाईपमध्ये आहे त्याचा व्यास आणि सरळ लांबी अजिबात बदलू नका. तो व्यास धरूनच त्याचं माप बांधलेलं असतं.

डबा तयार झाला, बसवला. आता परीक्षा दोन. पहिली लेव्हल पाईपची, आधीचा आकडा लिहून ठेवलाय त्याच्याशी ताडून बघायचं. दुसरी पांढऱ्या फडक्याची. बोईसर-चिल्हार रस्त्यावर दगडखाणींचे ट्रक चालतात, ती बारीक कच म्हणजे इंजिनासाठी कानसच. पाचशे किलोमीटर चालवा, मग फिल्टरनंतरचा पाईप काढून आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धुळीची रेघ आली तर गॅस्केट कुठेतरी गळतंय. मग पाण्याचा आकडा कितीही चांगला असो, मूळ डबा परत लावा.

एवढं माझं बोलणं. प्रश्न घेऊया.

प्रश्न : सर, आमची कॉलेजची स्पर्धेची गाडी आहे. तिथे वीस मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर लावावा लागतो. मग डब्याचा काय उपयोग?

चांगला प्रश्न. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा वीस मिलिमीटरच्या एका भोकातून घ्यायची असते. त्या भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की त्यापुढे कितीही ओढा, सेकंदाला साधारण ७४ ग्रॅमच्या वर हवा मिळत नाही. ६०० सीसीचं इंजिन १२००० फेऱ्यांच्या आसपास त्या हद्दीला येतं. तिथे तुमचा फायदा भोकाच्या पुढच्या पसरत जाणाऱ्या शंकूत आहे, एकूण कोन सात अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे वेगाचा दाब परत मिळतो. फिल्टरचा डबा तुमचा थ्रॉटलच्याही आधी येतो. तिथे एकच काम, हवा थंड द्या. ७४ ग्रॅमची हद्दसुद्धा तापमानावर थोडी हलते, गरम हवेत ती खाली येते.

प्रश्न : काका, रस्त्यावरच्या गाडीत हे बदल कायद्याने चालतात का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घालतं. आणि वॉरंटीत असलेल्या गाडीला तर हात लावूच नका. मी आज जे सांगितलं ते स्पर्धेच्या गाडीसाठी, बंद ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी, किंवा मूळ डबा मिळतच नाही अशा जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी. विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

प्रश्न : पण मला तो उघड्या फिल्टरचा आवाजच आवडतो.

मग तसं म्हणा. आवाजासाठी लावलाय म्हणा, तीन टक्के हवा देऊन आवाज घेतला. त्यात खोटं काही नाही. फक्त पावसाळ्याआधी तोंड कुठे आहे ते बघा आणि फडकं फिरवा.

प्रश्न : तुमच्या गाडीला आता कुठला डबा आहे?

कंपनीचा. सोंड तेवढी मी बदलली, साठ मिलिमीटरची, फायबरची, तोंड जुन्याच जागी, बॉनेटच्या उंचीला. सोळा सेंटिमीटर येतात आता. गाडी चालवताना फरक कळतो का विचाराल तर नाही कळत. पाण्यावर कळतो.

बरं, वेळ संपत आलाय, मागे दिवे बंद करायला थांबलेत. तो रॉड कोणाकडे आहे? तो परत द्या हं, पुढच्या बॅचला लागतो.